आकड्याचं आडनाव

घंटी जास्त वाजत होती, हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं होतं. मोठ्या डॉक्टरांच्या नाही आणि जिच्या हातात ते यंत्र होतं तिच्याही नाही. माझ्या. आणि मी त्यावर काय केलं, तर विनोद केला. आता सांगायला बसलेच आहे तर हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको की बाई, तुम्ही तेव्हा कुठे होतात.

मी होते खिडकीवर. डोळ्यांच्या दवाखान्यात नावनोंदणीची जी खिडकी असते, तिथे मी अकरा वर्षं बसते. समोर पेशंट, बाजूला फायलींचा ढीग, पाठीमागे प्लायवूडची पातळ भिंत. त्या भिंतीपलीकडे अंधारी खोली आणि त्या खोलीत ती. तिचं खरं नाव हजेरीपटाशिवाय कुठेच वापरात नव्हतं. सगळे तिला ठिपकेबाई म्हणायचे आणि तीही हाक मारली की ओ द्यायची.

ठिपकेबाई का, तर तिचं कामच लोकांना ठिपके दाखवायचं. एक मोठा पांढरा घुमट असतो, आतून पोकळ. त्याच्या तोंडाशी हनुवटी टेकून बसायचं, एक डोळा पट्टीनं झाकायचा आणि दुसऱ्यानं मधल्या बारीक खुणेकडे टक लावून बघायचं. ठिपकेबाई पलीकडून उजेडाचा एक ठिपका कडेकडून आत सरकवत आणायची. तो दिसला रे दिसला की पेशंटनं हातातली कळ दाबायची. घंटी वाजली की ती कागदावर खूण करायची. चारी बाजूंनी अशा खुणा करून त्या जोडल्या की त्या डोळ्याला कडेचं किती दिसतं याचा नकाशा तयार होतो. काचबिंदू कडेनं खात येतो. समोरचं चांगलं दिसत असतं, म्हणून माणूस म्हणतो, मला काय धाड भरलीय. आणि त्या आजारानं एकदा खाल्लेलं परत मिळत नाही. उरलेलं तेवढं वाचवता येतं, तेही वेळेत कळलं तर. ते कळावं म्हणून दर चार महिन्यांनी हा नकाशा काढायचा.

अकरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकून मला ती घंटी कळायला लागली होती. डोळा चांगला असला की ठिपका कडेला आला न आला तोच टिंग. खराब असला की मध्ये शांतता. ठिपका सरकतोय, सरकतोय आणि आतला माणूस गप्प. ती शांतता मला सहन व्हायची नाही. अशा वेळी मी उगाच रजिस्टरची पानं फडफडवायचे.

बाई कशी होती म्हणाल, तर काटेकोर. म्हणजे डोक्याला ताप होण्याइतकी काटेकोर. डब्याची चार झाकणं ती एकाच दिशेला तोंड करून ठेवायची. बाप लहानपणी गेला, तेव्हा तिच्या मोठ्या भावानं शाळा सोडली आणि लाकडाच्या वखारीत आरा धरला. हिचं शिक्षण त्या आऱ्यावर झालं. लग्न केलं नाही, दादा आणि वहिनीजवळच राहिली. दादाचा विषय निघाला की एरवी खडूस असलेला तिचा आवाज एकदम मऊ व्हायचा आणि मग आम्ही तिची चेष्टा करायचो.

तिचं खरं वेड मात्र उजेडाची मापं. आधीचे मास्तर, म्हणजे हिच्या आधी त्या खोलीत तीस वर्षं बसलेले गृहस्थ, निवृत्त होताना कपाटाच्या दाराला आतून एक पुठ्ठा चिकटवून गेले होते. सुंदर अक्षरात डावीकडे जुनी मापं, उजवीकडे नवी. बल्ब किती उजेड फेकतो ते नव्हे, तर उजेड पडलेली भिंत डोळ्याला किती उजळ दिसते, त्याची ही मापं. अपोस्टिल्ब, लॅम्बर्ट, फूट-लॅम्बर्ट, स्टिल्ब. आता सगळीकडे कँडेला चालतं, खरं म्हणजे दर चौरस मीटरला कँडेला, पण एवढं लांबलचक कोण म्हणणार. आमचं यंत्र जुनं असल्यामुळे त्याच्या झाकणाखाली सगळं अपोस्टिल्बमध्ये लिहिलेलं. घुमटाची भिंत साडेएकतीस, ठिपका एक हजार. अपोस्टिल्बला तीन पूर्णांक चौदानं भागलं की कँडेला मिळतं. म्हणजे भिंत दहा आणि ठिपका तीनशे अठरा. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. चहा पिताना आम्ही मुद्दाम विचारायचो, शंभर फूट-लॅम्बर्टचे किती गं? ती कप खाली न ठेवता सांगायची, तीनशे बेचाळीस पूर्णांक सहा.

नुसता आकडा सांगितला की मात्र तिचं टाळकं सटकायचं. भाजीत मीठ किती घातलंस, असं कुणी विचारलं आणि मी 'दोन' म्हटलं, की ही मध्येच विचारणार, दोन काय? चमचे, चिमटी की पोती? आकड्याला आडनाव हवं, हे तिचं पालुपद. एकदा एका नव्या डॉक्टरानं फाईलवर नुसतं 'प्रकाश कमी, १२' लिहिलं, तर ही फाईल घेऊन थेट त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. आडनाव विचारल्याशिवाय आकडा घरात घेऊ नये, असं तिनं त्यांना सुनावलं. ते बिचारे हसले आणि लिहून दिलं.

आणि फसली तीच. म्हणून तर सांगतेय.

अंधाऱ्या खोलीला रंग द्यायचा होता. रंगाऱ्यांनी कपाट सरकवलं आणि वरचा उजेडमापक तोंडावर आपटला. तो मास्तरांच्या वेळचा, काट्याचा, थेट अपोस्टिल्ब दाखवणारा. काच गेली, काटा वाकला. पंधरा दिवस झाले नाहीत तोच ठिपक्याचा बल्ब उडाला. नवा बल्ब घातला की ठिपका मोजून पुन्हा एक हजारावर आणावा लागतो आणि मोजायला तर काही नाही. नवा मापक मागवला तर यायला तीन महिने. मोठे डॉक्टर म्हणाले, तीन महिने चाचण्या बंद ठेवता येणार नाहीत.

तेव्हा मी पुढे झाले. माझी ही खोड आहे, कुणाचं अडलं की माझे हात शिवशिवतात. माझे धाकटे दीर सिनेमागृहांतले प्रोजेक्टर दुरुस्त करायचे. बरीच जुनी सिनेमागृहं बंद पडली तशी त्यांची हत्यारं घरात धूळ खात पडली होती. त्यांच्याकडे उजेडमापक होता, आकडे उमटणारा, चांगला जपून ठेवलेला. मी तो मागितला. त्यांनी फडक्यानं पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वहिनी, आम्ही यानं पडदा मोजायचो. सोळा आला की पडदा बरोबर." मी बरं म्हटलं, मापक पिशवीत टाकला आणि भाजी घ्यायला गेले. सोळाचं वाक्य भाजीबरोबरच कुठेतरी विसरले.

ठिपकेबाईनं मापक उलटसुलट करून पाहिला. आकडे उमटायचे, पण आकड्यापुढे काही लिहून यायचं नाही. नव्या धाटणीचं यंत्र, आकडे उमटणारं, म्हणजे नवं माप, कँडेला. असं तिच्या मनानं घेतलं. मग तिनं पुठ्ठ्यावर बोट ठेवून मला हिशेब समजावून सांगितला. बघ, झाकणाखाली हजार लिहिलंय ते अपोस्टिल्ब. दुसरी एखादी असती तर या मापकावरही हजार लावून मोकळी झाली असती आणि ठिपका तिप्पट उजळ झाला असता. आपण भागायचं. तीनशे अठरा. आणि तिनं ठिपक्याचा उजेड कमीजास्त करायचं बटण फिरवत फिरवत बरोबर तीनशे अठरा आणले, पुठ्ठ्यावर तारीख टाकली आणि खाली सही केली. इतकी खूश होती की त्या दिवशी तिनं मला तिच्या डब्यातलं लोणचं दिलं. नवा मापक मागवायचं मग राहूनच गेलं.

घुमटाच्या भिंतीला मात्र तिनं हात लावला नाही. तिचा बल्ब शाबूत होता, बटणावर मास्तरांनी लावलेली लाखेची मोहोर होती. ज्याला हात लावायचं कारण नाही त्याला हात लावायचा नाही, ही मास्तरांची शिस्त. एकदा जरी त्या मापकानं भिंत मोजली असती तर दहाच्या जागी तीनदेखील धड आला नसता आणि सगळं तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

त्यानंतर घंट्या वाढल्या. टिंग, टिंग, टिंग. ज्यांच्या चाचणीत मला पानं फडफडवावी लागायची त्यांच्याही घंट्या भराभर यायला लागल्या. त्याच सुमारास मोठ्या डॉक्टरांनी नवे थेंब सुरू केले होते. नकाशे रुंदावलेले पाहून ते म्हणाले, थेंब लागू पडताहेत. दर महिन्याला ठिपकेबाई स्वतःच्या डोळ्याची चाचणी करून यंत्र तपासायची. तिचा नकाशाही थोडा रुंदावला होता. पण तिला नुकताच नवा चष्मा लागला होता, तेव्हा तेही तिनं चष्म्याच्या खात्यात टाकलं. प्रत्येक गोष्टीला तिचं तिचं कारण हजर. आणि मी? मी भिंतीवर टकटक करून म्हणाले, काय गं, हल्ली सगळं गाव गरुडाच्या डोळ्यांचं झालं की काय? ती आतून हसली. अजून कानात आहे ते हसणं. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

आता दादांचं. दादांना चार वर्षांपासून काचबिंदू होता, डाव्या डोळ्याला जास्त. त्या वर्षी नकाशा आक्रसला म्हणून ऑपरेशनची तारीख ठरली होती. दादा ऑपरेशनला असे घाबरायचे की तारीख ऐकून दोन दिवस जेवले नाहीत. आऱ्यापुढे तीस वर्षं उभा राहिलेला माणूस, पण डोळ्याला सुई म्हटलं की उठून बाहेर जायचे. नवा बल्ब लागल्यावर त्यांची चाचणी झाली. नकाशा चक्क आधीपेक्षा रुंद. डॉक्टरांनी तारीख रद्द केली. चार महिन्यांनी पुन्हा चाचणी, पुन्हा छान. दादा पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि पहिला माझ्या खिडकीतून आत सरकवला. ठिपकेबाई त्या दिवशी दिवसभर गुणगुणत होती.

पेढा तोंडात असतानाच मी एक पाहिलं. खिडकीच्या डाव्या अंगाला बसायचं एक लाकडी स्टूल असतं. दादा वळले आणि सरळ त्याच्यावर धडकले. नडगीला लागलं. मलाच दटावलं, काय हो ताई, वाटेत कशाला ठेवता. स्टूल वाटेत नव्हतं, अकरा वर्षं तिथेच होतं. पुढच्या खेपेला आले तर सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर चुन्याचा पट्टा, दाराच्या चौकटीला घासलेला. त्यानंतर डाव्या अंगठ्याला चिंधी. फळी सरकली म्हणाले. तीस वर्षांत न सरकलेली फळी. मला ते खटकलं, खोटं कशाला बोलू. पण नकाशा ठणठणीत सांगत होता आणि नकाशा काढणारी त्यांची सख्खी बहीण होती. मी कोण, खिडकीवरची बाई.

आठ महिने असे गेले. मग एका रविवारी मी ठिपकेबाईला दुपारी जेवायला बोलावलं. दीरही आले होते. बोलता बोलता शहरातल्या शेवटच्या जुन्या सिनेमागृहाचा विषय निघाला, तेही बंद झालं म्हणून. दीर हळहळत सांगू लागले, की शेवटी शेवटी मालक दिवा बदलायलाच तयार नव्हता. पडदा नऊवर आला होता. पडद्याला सोळा लागतात. नऊ म्हणजे सगळी माणसं गटारात उभी असल्यासारखी दिसतात.

ठिपकेबाईचा घास हातातच राहिला. सोळा काय, तिनं विचारलं. दीर म्हणाले, सोळा म्हणजे सोळा, आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. ती म्हणाली, सोळा कँडेलाचा पडदा म्हणजे अंधारच की, पडद्याला पंचावन्न तरी लागतात, मी वाचलंय. आणि बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला. पंचावन्न कँडेला म्हणजे सोळा फूट-लॅम्बर्ट. हिशेब तिनं केला नाही, तो तिच्या डोक्यात आपोआप झाला.

"भावोजी," ती अगदी हळू म्हणाली, "तुमच्या मापकाला आडनाव काय?"

दीर गोंधळले. मग त्यांना कळलं. म्हणाले, मागे बॅटरीच्या झाकणाखाली एक बारीक खटका आहे, फूट-लॅम्बर्ट आणि कँडेला, दोन्हीकडे होतो. आमचा कायम फूट-लॅम्बर्टवर, तिकडे दुसरं काही चालतच नाही. वहिनींना म्हटलं होतं की मी, सोळा आला की बरोबर.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. हात धुतला आणि चपला घातल्या. मी ताटं तशीच टाकून तिच्या मागे निघाले. दवाखाना बंद होता, पण अंधाऱ्या खोलीची किल्ली तिच्याकडे असायची. रस्ताभर मीच आपली बडबडत होते, अगं नसेल तसं, भावोजींना काय कळतंय, ते विसराळूच आहेत. माझे मलाच ते शब्द पोकळ वाटत होते.

खोलीत तिनं यंत्र चालू केलं. ठिपका घुमटावर पडला. मापक त्याच्यासमोर धरला. तीनशे अठरा. आठ महिन्यांत आकडा तसूभर हलला नव्हता. मग तिनं नखानं बॅटरीचं झाकण काढलं. खटका होता, तांदळाच्या दाण्याएवढा. तिनं तो दुसरीकडे सारला आणि मापक पुन्हा धरला.

एक हजार एकोणनव्वद.

मला त्यातलं फारसं कळत नाही, पण तो आकडा मी जन्मात विसरणार नाही. ठिपका असायला हवा त्याच्या जवळजवळ साडेतीनपट उजळ होता. एवढा उजळ की अर्धी मेलेली नजरसुद्धा तो बघून घंटी वाजवेल. आठ महिने ती वाजवत होती. आम्ही त्याला सुधारणा म्हणत होतो.

ती स्टुलावर बसली आणि मापक मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. मी रडायला लागले. सोळाचं वाक्य मी विसरले, असं तिला सांगितलं. घंट्यांचंही सांगितलं आणि दादांच्या स्टुलाचं, चुन्याचं, अंगठ्याचं, सगळं. मला वाटलं ती माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तू सांगायचं विसरलीस," ती म्हणाली, "पण विचारायचं काम माझं होतं. साऱ्या जगाला विचारते ना मी."

मग तिनं घरी फोन लावला. वहिनींना एवढंच सांगितलं की दादाला उद्यापासून आऱ्यावर जाऊ देऊ नका, काय वाटेल ते करा. का, ते सांगितलं नाही. वहिनी मोठ्या हुशार. त्यांनी कामाचे बूटच लपवून ठेवले. दादा घरभर बूट शोधत होते म्हणे. कुत्र्यानं नेले असतील, असं वहिनींनी सांगितलं आणि शेजारच्या कुत्र्यानं फुकटच्या शिव्या खाल्ल्या.

सोमवारी सकाळी ती मोठ्या डॉक्टरांसमोर उभी राहिली. मीही गेले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. त्यांचा आधी विश्वास बसेना. नव्या थेंबांवर त्यांचा फार जीव जडला होता, आणि आता थेंबांचं खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. तिनं त्यांच्यासमोर खटका इकडून तिकडे करून दाखवला. ते खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, ठिपका आज दुरुस्त करा. लोक त्यांच्या त्यांच्या तारखेला येतीलच, तेव्हा कळेल. एकदम सगळ्यांना घाबरवून काय साधणार? तुमच्या भावाला मात्र आजच बोलावून घ्या.

"साहेब," ती म्हणाली, "चार महिन्यांत एखाद्याचं जे जाईल, ते मी कुठून आणून देऊ?"

तिनं पिशवीतून यादी काढली. रविवारी चाचण्यांची वही घरी नेऊन उरलेली दुपार आणि संध्याकाळ बसून तिनं ती लिहिली होती. आठ महिन्यांत तपासलेले दोनशे चौदा जण. त्यांतले एकोणीस जण असे, की ज्यांचं ऑपरेशन किंवा औषध या नकाशांवरून रद्द झालं होतं किंवा पुढे ढकललं होतं. ते वर, बाकीचे खाली. एकोणीस जणांतही ज्यांचा आधीचा नकाशा जास्त वाईट ते आधी. दादांचं नाव अकराव्या ओळीत होतं. डॉक्टरांनी पेन उचलून ते नाव वर घ्यायला रेघ ओढली. तिनं कागद त्यांच्या हाताखालून हळूच काढून घेतला. आधीच्या दहांपैकी एकालाही भाऊ म्हणणारं कुणी नाही का, असं काहीतरी ती बोलली, पण आवाज इतका बारीक झाला होता की मला नीट ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी मात्र ऐकलं असावं. त्यांनी फोन स्वतःकडे ओढला आणि पहिला नंबर स्वतः लावला. हे त्यांचं मला मानावं लागेल. पलीकडचा माणूस दहा मिनिटं त्यांना नाही नाही ते बोलत होता आणि ते नुसतं हो म्हणत होते.

तीन दिवस ती माणसं येत राहिली. एक शिवणकाम करणारी बाई, एक निवृत्त टपालवाला, दोघं जुळे भाऊ. मी खिडकीवर आणि पाठीमागे घंटी. आता ती पूर्वीसारखी वाजत होती, म्हणजे थांबून थांबून. टपालवाल्याचं बरं निघालं, थेंब त्याला खरंच लागू पडले होते. शिवणकामवाल्या बाईंचं नाही. त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, माझं चांगलंय म्हणून सगळ्या मैत्रिणींना सांगितलं होतं हो मी. मी त्यांना पाणी दिलं.

गुरुवारी अकरा वाजता दादा आले. वहिनी बरोबर होत्या. दादा नव्या चपलांत, बूट हरवल्याच्या कुरकुरीत. त्यांना एवढंच सांगितलं होतं की यंत्र दुरुस्त केलंय म्हणून पुन्हा चाचणी. बहिणीच्या खोलीत जायचं म्हणून त्यांनी भांग पाडला होता. आत जाताना डावा खांदा चौकटीला घासला आणि त्यांना ते कळलंही नाही. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी फायलीत डोकं घातलं.

उजव्या डोळ्याच्या घंट्या आल्या. थोड्या उशिरा, पण आल्या. मी बोटांवर मोजत होते. मग पट्टी बदलल्याचा आवाज आला, खुर्ची थोडी सरकली आणि ती म्हणाली, मधल्या खुणेकडे बघ दादा, डोळा हलवू नकोस. डावा डोळा सुरू झाला.

मी वाट बघितली. समोर एक म्हातारे गृहस्थ नाव लिहून घ्या म्हणत होते, त्यांना मी हातानं थांबवलं. आतून काही येईना. ठिपका सरकवतानाचा बारीक करकर आवाज येत होता, कडेकडून आत, मग थांबून परत कडेला, दुसऱ्या बाजूनं आत. इतक्या सावकाश तिनं कधीच कुणाला ठिपका दाखवला नव्हता. प्रत्येक ठिकाणी ती जणू त्यांना एक जास्तीची संधी देत होती. एकदा टिंग झालं, अगदी खुणेजवळ. मग पुन्हा करकर, पुन्हा शांतता. या वेळी मी पानं फडफडवली नाहीत. बसून ऐकलं सगळं. ऐकायला हवं होतं मी आधीच.

दार उघडलं. दादा डोळे चोळत बाहेर आले, ती त्यांच्या मागे, हातात नकाशाचा कागद. दादा अगदी खुशीत होते.

"काय गं," ते हसत म्हणाले, "आज मशीन रुसलं होतं की काय? ठिपके फारच थोडे दाखवलेस."

कागद तिनं छातीशी धरला होता. मला वाटलं आता खोटं बोलेल. सख्खा भाऊ, समोर वहिनी, कुणीही बोललं असतं.

"ठिपके तेवढेच होते, दादा," ती म्हणाली.

ते अजून हसतच होते. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे तेवढे बदलले. त्यांनी आधाराला हात डावीकडे नेला, तिथे काय आहे ते न बघता. मी खिडकीमागून उठले, बाहेर येऊन त्यांच्या डाव्या अंगाचं ते स्टूल उचललं आणि समोर, त्यांना दिसेल असं ठेवलं.